वावराला थेट करंट : एका चुकीच्या युक्तिवादाला उत्तर

मोहर्ली, मुधोली, कोंडेगाव, भामडेळीपासून चंदनखेड्यापर्यंत, भद्रावती तालुक्याच्या जंगलकाठच्या पट्ट्यात एक युक्तिवाद सगळीकडे ऐकू येतो. तो असा : रानडुकरं आणि रोही (नीलगाई) उभं पीक खातात, वनखात्याची भरपाई वेळेवर येत नाही, सौर कुंपण चार महिन्यांत बंद पडतं, पक्की जाळी शेतकऱ्याच्या ऐपतीबाहेरची आहे, म्हणून धुऱ्यावर खुंट्या रोवून, बारीक तार ओढून, मीटरवरून किंवा आकडा टाकून तीत थेट करंट सोडण्याशिवाय लहान शेतकऱ्याला गत्यंतर नाही. माणूस मेला तर दुर्दैव, वाघ मेला तर वनखात्याची कटकट, पण दोष परिस्थितीचा. चांगले शिकलेले लोक हा युक्तिवाद करतात. शेतकऱ्याविषयीच्या कळकळीनं करतात, म्हणून त्याला उत्तर देणं अधिक गरजेचं वाटतं.

नुकसानीबद्दल माझा काहीही वाद नाही. शेंगा भरलेल्या सोयाबीनमध्ये डुकरांचा कळप एका रात्री शिरला की सकाळी तिथं नांगरल्यासारखी जमीन दिसते. रोही तुरीचे शेंडे आणि हरभऱ्याचे घाटे खातात आणि खातात त्याहून जास्त तुडवतात. पूर्वी यावर जागलीचा इलाज होता. वावरात माळा, त्यावर रात्रभर कुणीतरी, खाली शेकोटी. आता ताडोबाच्या बफरमध्ये जागलीला जायला माणूस घाबरतो, आणि त्याची भीती खरी आहे. 2018 च्या गणनेत महाराष्ट्रात 312 वाघ होते, 2022 च्या गणनेत 444 झाले, आणि त्यातला मोठा वाटा चंद्रपूर जिल्ह्याचा आहे. त्यातले अनेक वाघ राखीव जंगलाबाहेर, वावरं आणि झुडपी जंगलाच्या सरमिसळीत राहतात. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यातल्या मेंढा-माल शिवारात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायकांना वाघानं एकाच दिवशी मारलं. त्यामुळे शहरात बसून ‘शेतकऱ्यांनी जागल करावी’ असा सल्ला देणाऱ्यांना या विषयावर बोलण्याचा अधिकार नाही, असं मी मानतो.

कुंपण हवंच. पण थेट करंटची तार हे कुंपण म्हणूनच वाईट आहे. वाघाचा विचार बाजूला ठेवा, कायद्याचाही ठेवा. फक्त पीक वाचतं का आणि घरची माणसं सुखरूप राहतात का, एवढ्याच दोन प्रश्नांवर तिला तपासलं तरी ती नापास होते.

आधी वीज काय करते ते पाहू. घराला येणारी वीज 230 व्होल्टची आणि अखंड वाहणारी. ओल्या अंगाचा, अनवाणी पायांचा माणूस तिला शिवला तर शरीराचा रोध साधारण हजार ओहम धरून 200 मिलीअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह अंगातून जातो. दहा-पंधरा मिलीअँपिअरलाच हाताचे स्नायू असे आवळतात की तार सोडता येत नाही, आणि 100 मिलीअँपिअरच्या आसपास काही क्षणांत हृदयाची लय बिघडते. घराच्या बोर्डावर बसवायचं जे गळतीरोधक स्विच मिळतं, ते 30 मिलीअँपिअरला वीज तोडतं. म्हणजे माणूस वाचवण्यासाठीची मर्यादा तीस, आणि या तारेत दोनशेच्या वर. डीपीवरचा फ्यूज अशा गळतीची दखलही घेत नाही. तो अनेक अँपिअरसाठी बसवलेला असतो आणि इथे पाव अँपिअरही पुरा जात नाही. माणूस तारेला चिकटलेला आणि फ्यूज शाबूत, असं त्यामुळेच घडतं.

सौर कुंपणाचं झटका मशीन याच्या नेमकं उलट वागतं. त्याच्या तारेत पाच ते दहा हजार व्होल्ट असतात, हे ऐकून लोक दचकतात आणि ‘मग हे तर जास्त घातक’ म्हणतात. पण तो झटका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी टिकतो, आणि दोन झटक्यांमध्ये सुमारे एक सेकंदाची उसंत असते. प्रमाणित यंत्राच्या एका झटक्यातली ऊर्जा पाच ज्यूलपलीकडे जाऊ नये, असं आंतरराष्ट्रीय मानक आहे. जनावर हादरतं, मागं फिरतं, जिवंत राहतं. शिवणाऱ्या पोराला रडू येईल, पण हात सुटेल. दोन्ही तारा लांबून सारख्याच दिसतात. एक मारते, दुसरी हाकलते.

आता थेट तारेनं मरतं कोण? डुक्कर मरतं, हे खरं. पण आपल्या भागात कृषिपंपाला थ्रीफेज वीज पाळीपाळीनं मिळते, एका आठवड्यात दिवसा आणि दुसऱ्या आठवड्यात रात्री. रब्बीत हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणूस रात्री वावरात असतो. पाणी वळवायला तो धुऱ्याधुऱ्यानं अंधारात चालतो, पाय ओले, जमीन ओली, हातात बॅटरी असली तर असली. तार गुडघ्याखाली आणि बारीक, दिसतच नाही. शेजाऱ्यानं तार लावली हे त्याला ठाऊक नसतं, कारण बेकायदा काम कुणी सांगून करत नाही. ज्यानं स्वतः लावली, तोही पहाटे काढायला विसरतो, किंवा वीज गेलेली समजून हात लावतो आणि तेवढ्यात ती येते. धुऱ्यावरच्या तारेनं बाप, पोरगा, भाऊ, सालदार, शेजारी गेल्याच्या बातम्या विदर्भातल्या वर्तमानपत्रांत येतच राहतात. या मृत्यूंना अपघात म्हणायचा प्रघात पडला आहे. पण ज्या वाटेनं रोज माणसं जातात, त्या वाटेवर मारक तार टाकून जो मृत्यू येतो, तो लावणाऱ्याच्या निर्णयातूनच आलेला असतो.

पीक तरी वाचतं का? इथे हा युक्तिवाद सर्वांत कच्चा आहे. करंट लागून मेलेलं डुक्कर काही शिकत नाही. त्याच्या मागं असलेला कळप पळतो, पण कशापासून पळायचं हे त्याला कळलेलं नसतं. दोन रात्रींनी तो दुसऱ्या बाजूनं येतो. झटका मशीनचं सगळं काम शिकवण्यावर चालतं. डुक्कर आधी नाक लावून हुंगतं, ओल्या नाकावर झटका बसतो, ते किंचाळून मागं सरतं आणि कळपातली बाकीचीही सरतात. काही रात्री असं घडलं की ती तार आली म्हणजे वळायचं, ही सवय कळपाला लागते. या शिकलेल्या कळपाचा शेतकऱ्याला वर्षानुवर्षं उपयोग होतो. मेलेल्या डुकराचा उपयोग होत नाही. त्याची जागा शेजारच्या झुडपातलं दुसरं घेतं, कारण मादी एका वेताला चार-सहा पिल्लं सहज देते. रोह्याच्या बाबतीत तर थेट तार जवळजवळ निरुपयोगी आहे. ती डुकरासाठी फूटभर उंचीवर बांधलेली असते आणि रोही तीवरून पाय उचलून जातो. वीज गेली की कुंपणही गेलं. पाऊस आला की गवतातून, ओल्या खुंट्यांतून करंट झिरपतो, तरी तार माणसाला मारायला पुरेशी उरते.

‘स्वस्त पडते’ हा पुढचा मुद्दा. तार, खुंट्या आणि आकडा यांचा खर्च नगण्य आहे, हे कबूल. पण हिशेब तिथे संपत नाही. आकडा टाकून वीज घेणं ही विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 135 खाली चोरी आहे आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या तारेत वाघ, बिबट अडकला तर वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 च्या कलम 51 खाली किमान तीन आणि कमाल सात वर्षं. माणूस मेला तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा. एप्रिल 2017 मध्ये नागभीड परिसरात ‘जय’ वाघाचा छावा श्रीनिवास शेताभोवतीच्या विजेच्या तारेनं मेला. गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ. त्याला पुरून टाकलं तरी प्रकरण दडलं नाही, मृतदेह उकरून काढला गेला आणि शेतकऱ्यावर गुन्हा दाखल झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ब्रह्मपुरीतून पकडून बोर व्याघ्र प्रकल्पात सोडलेली वाघीण अशाच तारेनं मेली. माणसांवर हल्ले केलेल्या त्या वाघिणीला ठार मारण्याच्या आदेशावरून तेव्हा उच्च न्यायालयापर्यंत वाद गेला होता. शेवटी तिला कुणा बंदूकधाऱ्यानं नव्हे, एका वावराच्या तारेनं संपवलं. हे दाखले वाघासाठी रडायला दिलेले नाहीत. वकील, जामीन, तारखा, घर चालवणारा माणूस आत, या सगळ्याचा खर्च त्या ‘स्वस्त’ तारेच्या खात्यात लिहायचा असतो, एवढंच दाखवायचं आहे.

एक गोष्ट तर उघडपणे बोललीच जात नाही. वाघानं माणूस मारला तर राज्य सरकार कुटुंबाला 25 लाख रुपये देतं. स्वतःच्या तारेनं घरचा माणूस गेला तर त्या कुटुंबाच्या वाट्याला पोलीस पंचनामा येतो. जंगलाच्या भीतीनं लावलेली तार घरालाच त्या संरक्षणातून बाहेर काढते.

आता येतो सर्वांत वजनदार आक्षेप : सौर कुंपण चालत नाही. यावर जरा थांबून बोलायला हवं, कारण हा आक्षेप अनुभवातून आलेला आहे. बंद पडलेली मशीनं, गवतात बुडालेल्या तारा, बॅटरी काढून घरच्या दिव्याला जोडलेली, पॅनलवर धुळीचा थर, हे चित्र गावोगाव दिसतं. पण ते का बंद पडतं ते पाहिलं तर प्रत्येक कारण साधं आहे आणि प्रत्येकाला साधा इलाज आहे.

पहिलं कारण गवत. खरिपात पंधरा दिवसांत गवत खालच्या तारेला टेकतं आणि झटका जमिनीत उतरतो. मशीन टिकटिक करत राहतं, शेतकऱ्याला वाटतं चालू आहे, तारेत मात्र जीव उरलेला नसतो. म्हणून तारेखाली हातभर रुंदीचा पट्टा विळ्यानं साफ ठेवणं हे निंदणाइतकंच नेमानं करायचं काम आहे. तणनाशक मारून भागतं असं समजणाऱ्यांनी पावसाळ्यात एकदा स्वतः फिरून पाहावं. दुसरं कारण अर्थिंग. झटका जनावराच्या अंगातून जमिनीत आणि जमिनीतून मशीनकडे परत यायला हवा. तरच वर्तुळ पूर्ण होतं. आपली काळी जमीन पावसाळ्यात उत्तम वाहक असते, पण मार्च-एप्रिलमध्ये ती भेगाळते, सुकते, आणि एकच हातभर सळी रोवलेली असेल तर झटका निम्म्याहून कमी होतो. चार-पाच फुटांच्या तीन सळ्या, एकमेकींपासून अंतरावर, ओलीच्या जागी, कोळसा-मीठ घालून रोवल्या आणि उन्हाळ्यात त्यांच्या बुडाशी पाणी ओतलं की फरक हाताला कळतो. कोरड्या पट्ट्यात एक तार झटक्याची आणि एक अर्थिंगची अशी आलटून-पालटून ओढली तर जनावर दोन्हीला शिवतं आणि जमिनीवर अवलंबून राहावं लागत नाही.

तिसरं कारण तारांची उंची, आणि इथे बसवून देणारे ठेकेदार सर्वाधिक चूक करतात. सगळ्या तारा सारख्या अंतरावर ओढून ते मोकळे होतात. डुकरासाठी पहिली तार जमिनीपासून वीतभर ते फूटभराच्या आत हवी, दुसरी दीड फुटावर. पहिली तार फूटभराच्या वर गेली की डुक्कर खालून घुसतं, आणि एकदा घुसता येतं हे कळलं की ते तार तोडूनही जातं. रोह्यासाठी वरच्या तारा चार आणि पाच फुटांवर हव्यात. धुरा जिथे खाली-वर होतो, नाला जिथे आडवा जातो, तिथे जादा खांब हवा. कळप नेमका तिथूनच वाट शोधतो.

चौथं कारण वेळ. पीक भरल्यावर, नुकसान सुरू झाल्यावर कुंपण चालू करणं. तोवर डुकरांची वाट पडलेली असते आणि आतल्या दाण्याची चव लागलेली असते. कुंपण पेरणीच्या रात्रीपासून जिवंत हवं, पीक निघाल्यावरही काही दिवस हवं, म्हणजे पहिल्या भेटीतच झटका बसतो. बॅटरी दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, हे विकत घेतानाच मनात धरावं. आणि तारेत किती व्होल्ट आहेत ते दाखवणारं छोटं टेस्टर घरात असावंच. मशीनच्या लाल दिव्यावर विश्वास ठेवून अनेकांनी तूर घालवली आहे. रोज संध्याकाळी धुऱ्याच्या लांबच्या टोकाला टेस्टर लावून पाहायचं. चार हजारांच्या खाली आकडा गेला तर फिरून गवत, तुटलेला इन्सुलेटर, तारेवर पडलेली फांदी शोधायची. इन्सुलेटरच्या जागी पाण्याच्या नळीचे तुकडे वापरण्याची युक्ती एका उन्हाळ्यात फसते. उन्हानं तडकतात आणि झटका खांबात उतरतो.

एवढं सगळं करायला वेळ कुणाला, असं विचारलं जाईल. थेट तार रोज संध्याकाळी लावायला आणि पहाटे काढायला जितका वेळ जातो, त्याहून हा वेळ जास्त नाही. फरक इतकाच की एका कामात चूक झाली तर झटका कमी होतो, दुसऱ्यात चूक झाली तर माणूस जातो.

पैशाचा प्रश्न उरतो. महाराष्ट्रात 2015 पासून डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजना आहे आणि तीत बफर व जंगलालगतच्या गावांतल्या शेतकऱ्याला सौर कुंपणासाठी किमतीच्या 75 टक्के किंवा 15 हजार रुपये, यांपैकी कमी असेल ती रक्कम मिळत आली आहे. एकट्यानं घेतली तर ही रक्कम पुरत नाही, हे मान्य. पण धुऱ्याचं गणित पाहा. एक एकर चौकोनी वावराचा घेर सुमारे 255 मीटर. पाच शेजाऱ्यांनी आपापलं एक एकर वेगळं वेढलं तर 1,275 मीटर तार, पाच ठिकाणी खांब, पाच मशीनं, पाच बॅटऱ्या. तीच पाच एकरं एका वेढ्यात घेतली तर घेर 570 मीटर, निम्म्याहून कमी, आणि मशीन एक. पाच-पाच एकरांची पाच वावरं एकत्र आली तरी प्रमाण तेच राहतं. आतल्या धुऱ्यांना कुंपण लागत नाही आणि गवत काढायचा पट्टाही निम्मा होतो. ‘परवडत नाही’ हे वाक्य एकट्या शेतकऱ्याच्या तोंडी खरं आहे. पाच जणांच्या तोंडी ते खोटं ठरतं. गावात इको-विकास समिती (ईडीसी) आहे, संयुक्त वन व्यवस्थापन समिती आहे. पाण्याच्या पाळीसाठी शेजारी एकत्र बसतात, तर धुऱ्यासाठी बसायला काय हरकत आहे? भांडणं असतात, मला माहीत आहे. पण धुऱ्याच्या भांडणापायी दोघांचीही तूर रोह्यानं खावी, यात जिंकलं कोण?

दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही इथेच उत्तर द्यायला हवं. मोहर्लीच्या वाटेवर जागा घेऊन घर बांधणारे आणि भद्रावतीत नोकरी करून गावाकडे सांदवाडीत पक्कं घर उभारणारे बरेच जण आता सांगतात की उंच सिमेंटचा कंपाउंड आणि वर पात्याच्या तारेचं भेंडोळं, हाच खरा इलाज. काळ्या जमिनीत, पावसात फुगणाऱ्या आणि उन्हात आकसणाऱ्या मातीत, उथळ पायाची लांब भिंत दोन-तीन वर्षांत तडकते. बिबट सहा फुटी भिंतीवर सहज चढतो. भिंतीआड काय बसलंय हे घरातल्या बाईला दिसत नाही, आणि एकदा जनावर आत आलं की त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही; कोंडलेला बिबट मोकळ्या बिबटाहून फार धोक्याचा असतो. पात्याची तार मात्र वासरं, गायी आणि चेंडू काढायला चढलेली पोरं कापते. जाळी लावायची तर आरपार दिसणारी लावा, तिचं बूड फूटभर जमिनीत पुरा किंवा बाहेरच्या बाजूला आडवं पसरून दगडांनी दाबा, कारण डुक्कर जाळीखालची माती उकरतं. कोपऱ्याच्या खांबांना तिरके टेकू द्या. जाळी नेहमी कोपऱ्यापासून सैल पडते. आणि सगळ्या वावराला जाळी लावा, असं सरकारला सांगणाऱ्यांनी चितळ, रोही, डुक्कर यांच्या वाटा सगळीकडून बंद झाल्यावर कळप कुठे जाईल याचाही विचार करावा. तो शेवटच्या उघड्या वावरात जातो, आणि ते वावर गावातल्या सर्वांत गरीब माणसाचं असतं.

घराभोवती खरी निकड वेगळीच आहे. घराला धोका डुकरापेक्षा बिबटाचा, आणि बिबट येतो तो शेळ्या, कोंबड्या आणि कुत्र्यांसाठी. सगळ्या अंगणाला किल्ला करण्यापेक्षा कोठा बंद करा. शेळ्यांच्या रात्रीच्या जागेला चारी बाजूंनी जाड वेल्डेड जाळी आणि वरही जाळी किंवा पक्कं छत हवं. बिबट बहुतेक वेळा कौलं सरकवून किंवा भिंतीवरून उतरून आत येतो. दाराला दोरी नको, कडी आणि खिटी हवी. संडास अंगणाच्या आत हवा आणि तिथवर उजेड हवा. घराच्या वीस-पंचवीस पावलांच्या परिघात झुडूप नको, विलायती बाभळीची जाळी तर नकोच. फेब्रुवारी 2022 मध्ये चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारात वाघानं एका कामगाराला आणि लगेच दुसऱ्या दिवशी दुर्गापुरात बिबटानं एका मुलाला मारलं, तेव्हा चर्चा त्या परिसरातल्या काटेरी झुडपांची आणि उघड्या कचऱ्याची झाली होती. भिंती तिथेही होत्या. कोंबडीच्या दुकानाचा कचरा गावकुसाबाहेर टाकला की कुत्री जमतात, कुत्र्यांमागे बिबट येतो. त्या कचऱ्यासाठी खड्डा खणणं हे कुंपणाइतकंच महत्त्वाचं काम आहे.

परसासाठी जुने इलाज टाकून देऊ नयेत. सागरगोटा, करवंद, घायपात, निवडुंग यांचं जिवंत कुंपण दाट व्हायला तीन पावसाळे लागतात, पण एकदा धरलं की ते गुरांना अडवतं आणि डुकरालाही त्याच्यातून वाट काढणं जड जातं. आपला जिल्हा बांबूचा. चिचपल्लीचं बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र जवळच आहे, आणि 2017 च्या दुरुस्तीनंतर खासगी जमिनीवरचा बांबू कायद्याच्या दृष्टीनं झाड राहिलेला नाही, त्यामुळे सांदवाडीत लावलेला बांबू तोडून खांब करायला त्या कायद्याची आडकाठी उरलेली नाही. कच्चा बांबू जमिनीत उधई खाते, म्हणून तो बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवून घ्यावा. बुजगावणं, जुनी लुगडी, बाटल्या, रात्रभर वाजणारा भोंगा हे चार-आठ दिवसांचे इलाज आहेत. जनावराला त्यांची सवय होते. कार्बाइडच्या बंदुकीपासून दूरच राहा, तिनं पोरांचे डोळे गेले आहेत.

गडचिरोलीच्या वाचकांसाठी एक वेगळा शब्द. ऑक्टोबर 2021 पासून तिथे छत्तीसगडमार्गे आलेला हत्तींचा कळप फिरतो आहे. हत्तीला डुकराच्या मापाचं कुंपण अडवत नाही, आणि थेट तारेनं हत्ती मेला तर मागचा कळप गावावरच येण्याची भीती असते. तिथलं कुंपण तिथल्या जनावरासाठी वेगळं आखावं लागेल.

शेवटचा युक्तिवाद भावनेचा आहे : वाघ सरकारचा, डुक्कर सरकारचं, मग नुकसान आमचं का? हा प्रश्न रास्त आहे आणि तो सरकारलाच विचारायला हवा. ताडोबाच्या पर्यटनातून पैसा येतो. 625 चौरस किलोमीटरच्या गाभ्याभोवती 1,100 चौरस किलोमीटरचं बफर 2010 मध्ये जाहीर झालं आणि त्यात माणसं राहतात, हे सरकारला तेव्हाही ठाऊक होतं. मग मशीन वाटून फोटो काढून मोकळं होण्याऐवजी पाच वर्षांच्या देखभालीचा खर्च अनुदानात का नाही? दर पाच-सहा गावांमागे कुंपण दुरुस्त करणारा एक प्रशिक्षित तरुण, बदली बॅटऱ्या आणि टेस्टर घेऊन, मानधनावर का नेमला जात नाही? रब्बीत रात्रीची पाळी बंद करून जंगलकाठच्या फीडरला दिवसा वीज देणं आधी का होत नाही? या मागण्यांसाठी रस्त्यावर यावं लागलं तर यावं. पण सरकारवरचा राग धुऱ्यावरच्या तारेत सोडला तर तो सरकारपर्यंत पोचत नाही. तो शेजाऱ्याच्या पोराच्या पायाला लागतो.

म्हणून भद्रावती तालुक्यातल्या सरपंचांना, ईडीसीच्या अध्यक्षांना आणि प्रत्येक शेतकऱ्याला विनंती आहे. येत्या खरिपाच्या आधीच्या ग्रामसभेत तीन ठराव घ्या : गावच्या शिवारात थेट करंटची तार कुणीही लावणार नाही, लागून असलेली वावरं एका वेढ्यात घेऊन सौर कुंपणासाठी अर्ज करायचा, आणि कुंपणाखालचं गवत काढण्याची पाळी घरोघर वाटून घ्यायची. ठरावाची प्रत वनपरिक्षेत्र कार्यालयात आणि महावितरणच्या उपविभागात द्या. आणि ज्याच्या वावरात आज रात्री अशी तार लागणार आहे, त्यानं ती लावू नये.